गळकं कपाट

माझ्या माहेरून आलेलं लोखंडी कपाट आमच्या ह्यांनी मोटारीला लावलं, तेव्हा मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते. आता सांगताना हसू येतं, पण तेव्हा नव्हतं येत.

हे जालन्याच्या एमआयडीसीत सळया बनवणाऱ्या एका मिलमध्ये वेल्डर होते. आठवड्याच्या सुट्टीला घनसावंगीजवळच्या आमच्या गावी यायचे. लोकांचे नवरे येताना बायकोला गजरा आणतात, हे भंगार आणायचे. एका जुन्या जीपची चेसी आली, मोडीत निघालेल्या टॅक्सीचं इंजिन आलं, कुठल्याशा बसची दोन सीटं आली. अंगणात दोन वर्षं ठोकाठोक चालली होती. शेवटी दारांना पत्रा कमी पडला आणि ह्यांची नजर माझ्या कपाटावर गेली. कपाटाच्या दोन्ही दारांची मोटारीला दारं झाली. मुठी त्याच, कुलूप तेच, आणि डाव्या दाराला बाहेरून कपाटाचा लांबलचक आरसासुद्धा तसाच. गावानं दुसऱ्याच दिवशी मोटारीचं नाव ‘कपाट’ ठेवलं. पुढं पुढं मीही घाईच्या वेळी त्या आरशात बघून कुंकू लावायला लागले, तेव्हा रागावण्यात काही अर्थ राहिला नाही.

माझ्या सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. म्हणजे मनातल्या मनात म्हणायचे, कारण सुनेनं सासऱ्याशी तोंड वर करून बोलायची आमच्याकडं पद्धत नव्हती. मामा दोन हातांच्या अंतरावर बसलेले असायचे आणि मी सासूबाईंना सांगायचे, “आत्या, मामांना म्हणावं जेवायला चला.” मग मामा सासूबाईंना म्हणायचे, “तिला सांग, आलोच.” मधे बसलेल्या सासूबाई भाजी निवडत राहायच्या, एक शब्द इकडचा तिकडं करायच्या नाहीत. तीन वर्षं आमचा संसार असाच बिनतक्रार चालला होता.

मामांना ती मोटार बिलकुल मान्य नव्हती. मुलगा भंगारवाला झाला म्हणून दोन वर्षं ते ह्यांच्याशी बोलले नाहीत, त्या कोपऱ्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पण ज्या दिवशी इंजिन पहिल्यांदा सुरू झालं आणि सगळ्या आळीच्या कोंबड्या उडाल्या, त्या दिवशी मामा मुकाट्यानं घरात गेले, अंघोळ करून टोपी घालून बाहेर आले, आणि मोटारीच्या पुढच्या लोखंडी अँगलवर त्यांनी नारळ फोडला. एका दणक्यात. मामांच्या हाताचा तो लौकिकच होता, गावातल्या विहिरीचा असो की ट्रॅक्टरचा, नारळ त्यांनीच फोडायचा. त्या दणक्यानं ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बापानं आपल्याला माफ केलं, एवढंच त्यांना कळलं.

तेव्हापासून कपाट कुठंही निघालं की मामांचा नारळ ठरलेला. आणि कपाट निघालं की त्याच्या रेडिएटरमधून पाणी गळणंही ठरलेलं. घनसावंगीच्या अलीकडं पुढून वाफ निघायला लागायची. हे खाली उतरायचे, ओलं फडकं धरून झाकण उघडायचे आणि चार पावलं मागं उडी मारायचे. माझं काम मागच्या सीटवर कळशी मांडीवर घेऊन बसायचं. रस्त्यानं जाणाऱ्या जीपमधले लोक ओरडायचे, “वहिनी, मोटार तान्हेली दिसती!” मीही काही कमी नव्हते. म्हणायचे, “तुमच्यासारखं दाटीवाटीनं तर न्हाई ना चाललो!”

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मधे माझी नणंद होती.

नणंद मंठ्याला दिलेली. वयानं माझ्याएवढीच, आणि मी लग्न होऊन आमच्या घरात आल्यावर माझ्याशी पहिल्यांदा मोकळेपणानं बोललेली तीच. आदल्या वर्षी पाचव्या महिन्यात ती भरलेल्या जीपमधून एका लग्नाला आली होती. एका सीटवर पाच जण, खड्ड्यांचा रस्ता. तिसऱ्या दिवशी तिचं पोटातलं गेलं. डॉक्टर म्हणाले, जीपमुळंच असं काही सांगता येत नाही. पण तिच्या आणि आमच्या, दोन्ही घरांच्या मनात ती जीप बसली ती बसलीच. आता तिला पुन्हा दिवस गेले होते, सहावा संपत आला होता. बाळंतपणाला तिला माहेरी आणायचं होतं. आडवं पडून, हळूहळू आणा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिनं मला निरोप पाठवला, “वहिनी, मला कपाटातच घेऊन जा.” मी जुन्या लुगड्यांची जाड गादी शिवली आणि मागचं सीट काढायला लावून ती तिथं अंथरली.

पहिल्या खेपेला परतूर ओलांडलं आणि कळशी रिकामी झाली. मंठ्यात नणंदेच्या दारात आम्ही पोचलो ते वाफेच्या ढगासकट. तिची सासू बाहेर आली, कमरेवर हात ठेवून तिनं कपाटाला एक फेरी मारली.

“ह्या किटलीत बसवून नेता का माझ्या सुनेला? मधीच बंद पडली तर उन्हातान्हात कुठं बसवशाल तिला? थेंब न सांडता येऊन दाखवा, मंग नेऊ देते. न्हाईतर बाळातपण इथंच.”

नणंद पिशवी भरून, नवं लुगडं नेसून उंबऱ्यात उभी होती. ती पिशवी घेऊन आत गेली. परतीच्या रस्त्यावर मी ह्यांना जे जे बोलले ते इथं लिहीत नाही.

हे रेडिएटर उतरवून चौथ्यांदा जालन्याला घेऊन गेले. तिथं रेडिएटरचं काम करणारे एक म्हातारे चाचा होते. त्यांनी खालच्या नळीचा जोड पुन्हा झाळून दिला, हौदात बुडवून हवा भरून दाखवली, एक बुडबुडा नाही. पण सोडताना म्हणाले, “बेटा, हा जोड आपोआप सुटत न्हाई. समोरून कुणीतरी ठोकून राह्यलं ह्याला. आता पितळ पातळ झालं. अजून एकदा कसाबसा धरंल झाळ, त्याच्यापुढं बिलकुल न्हाई.” ह्यांना राग आला. माझ्या मोटारीला कोण ठोकणार, खड्ड्यांचं काम आहे, म्हणाले. वर कुणा ड्रायव्हरनं सल्ला दिला की रेडिएटरमध्ये हळद टाकली की बारीक गळती बुजते. ह्यांनी माझ्या डब्यातली घरी कांडलेली हळद मूठमूठ करून पाण्यात ओतली. वर्षाची बेगमी होती ती. मोटारीला हळद लागली, आता लग्नही लावा म्हटलं.

रविवारी रेडिएटर बसवलं. तासभर इंजिन जागेवर चालवलं, थेंब नाही. हे खूश होऊन घनसावंगीपर्यंत चक्कर मारायला निघाले. मामांनी नारळ फोडला आणि कपाट गेलं. मी त्या दिवशी घरीच होते, म्हणून अंगण झाडायला घेतलं. करवंटीचे तुकडे गोळा केले. मातीत नारळाच्या पाण्याचा ओला डाग होता, नेहमीसारखा. त्याच्या शेजारी मात्र अजून एक डाग होता, आणि तो पिवळा होता.

पूजेची हळद म्हणावी तर ती मी चिमूटभर, वर काचेखाली लावली होती. नारळाच्या डागावर मुंग्या जमल्या होत्या, पिवळ्यावर एकही नव्हती. मी झाडू घेऊन तिथंच बसले. तासभर थेंब नाही, आणि नारळ फोडला की पिवळं पाणी. इतके दिवस आम्ही सगळे त्या ओलीकडं बघत होतो आणि नारळाचं पाणी म्हणून सोडून देत होतो.

दुपारी बैलजोडी लावून कपाट घरी आणलं. मी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं. आधी हसले. मग पुढं जाऊन वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले. रेडिएटर त्यांनी त्या अँगललाच थेट बोल्टनं आवळलं होतं. वर बसलेला दणका सरळ जोडापर्यंत जात होता.

“मामांना सांगा,” मी म्हटलं.

“काय सांगू? तुमच्या नारळानं मोटार फुटून राह्यली म्हणू? दोन वर्षांनी तर बोलायला लागले माझ्याशी.”

चाचांनी पाचव्यांदा झाळून दिलं आणि हात जोडले. आता हे शेवटचं होतं, आणि नणंदेला सातवा लागला होता. ह्यांनी अँगलखाली रबर घातलं खरं, पण मामांच्या हातापुढं त्या रबराची त्यांनाच खात्री नव्हती. मग त्यांनी एक बेत केला. मामा सकाळी शेतात धारा काढायला गेले की मागच्या मागं निघायचं. एवढा मोठा वेल्डर, आणि बेत असा.

सकाळी इंजिन सुरू केलं आणि बघतो तर मामा फाटकात उभे. अंघोळ झालेली, धुतलेली टोपी, हातात नारळ. असा मोठा नारळ मी आजवर पाहिला नव्हता.

“लेकीला आणायला निघाला अन् नारळ न फोडता? जल्दी काय हाय येवढी?”

ह्यांनी स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि डोळे मिटून घेतले. मामांनी हात वर उचलला. माझ्या डोळ्यांपुढं नणंदेची ती पिशवी आली.

“मामा, थांबा! तिथं न्हाई!”

सासूबाईंचा हात तोंडावर गेला. मामांचा हात वरच राहिला. तोंड उघडलंच होतं, तर आता मिटण्यात काय हशील होतं?

“तुमच्या हातात लई जोर हाय, मामा. लोखंडाला सोसतो, पण त्याच्या मागं पितळेचा जोड हाय, त्याला न्हाई सोसत. दर टायमाला तिथूनच पाणी निघालंय. तुमचा नारळ पायजेच. पण तिथं नका फोडू.”

मामांनी नारळाकडं पाहिलं, मग मुलाकडं.

“तुला ठावं व्हतं हे?”

ह्यांनी मान हलवली.

“मंग बोलला का न्हाईस?”

“भ्यालो.”

मामांनी नारळ खाली घेतला. मग माझ्याकडं वळले. सासूबाईंकडं नाही, माझ्याकडं.

“मंग कुठं फोडू?”

एवढ्या पुढचा विचार मी केलाच नव्हता. समोर धुण्याचा दगड होता, मी त्याच्याकडं बोट दाखवलं. मामा चालत दगडापर्यंत गेले आणि एका दणक्यात त्यांनी नारळ फोडला. पाणी माझ्या वाळत घातलेल्या लुगड्यापर्यंत उडालं. पहिला तुकडा त्यांनी आणून माझ्या हातावर ठेवला.

मंठ्यात नणंदेच्या सासूनं आम्हाला चहा दिला, पण त्याआधी घासलेलं पितळेचं ताट रेडिएटरखाली सरकवून ठेवलं. चाचांपेक्षा ती बाई कडक. आमचा चहा संपला, दुसरा झाला, तरी ताट कोरडं. शेवटी तिनं ताट उचललं, पदरानं उगीचच पुसलं आणि आतून स्वतःची उशी आणून गादीवर ठेवली. “हळू न्या,” म्हणाली. तिचाही आवाज जरा ओला होता. त्या दिवशी मांडीवरची भरलेली कळशी मी भरलेलीच परत आणली. मामा गावाबाहेरच्या पुलाच्या कठड्यावर सकाळपासून बसून होते, असं नंतर कळलं. दोन-अडीच महिन्यांनी नणंदेला मुलगी झाली.

कपाट पुढं सहा-सात वर्षं चाललं. मग भंगारातून आलेलं भंगारात गेलं. आरशाचं दार तेवढं मी काढून घेतलं, माझंच होतं ते.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी माझ्या मुलानं जालन्याहून नवी कोरी गाडी आणली. मामा तेव्हा काठीनं चालायचे. कुणी म्हणालं, आजोबा, नारळ चाकाखाली ठेवा, हल्ली तसंच करतात. कुणी म्हणालं, आमच्याकडं द्या. त्यांनी कुणाचं ऐकलं नाही. नारळ छातीशी धरून स्वयंपाकघराकडं तोंड करून त्यांनी हाक मारली, “सूनबाई, कुठं फोडू?”

मी पिठाच्या हातानंच बाहेर आले. “दगडावर, मामा.”

एका दणक्यात फुटला नाही. दुसऱ्यातही नाही. आम्ही सगळे मुद्दाम गाडीकडंच बघत राहिलो. तिसऱ्याला फुटला, आणि पहिला तुकडा त्यांनी माझ्या हातावर ठेवला.