कचेरीतला चहा

हात न उचलता हक्कासाठी कसं बसायचं, याची शिबिरं मी कमलनगरपासून अफजलपूरपर्यंत घेत फिरते. तयारी काटेकोर करून घेते. सोबत पाणी, दोन वेळची भाकरी, बीपीच्या गोळ्या. वकिलाचा नंबर पेनाने दंडावर लिहिलेला. मग सराव. निम्म्या जणी पोलीस होतात, निम्म्या जमिनीवर बसतात. शिव्या आल्या तर गप्प कसं राहायचं, ओढलं तर अंग कसं सैल सोडायचं.

गेल्या उन्हाळ्यात एका दलित वस्तीतल्या बायकांना हेच शिकवलं. गावाचं नाव लिहीत नाही. त्यांची मसणवाट शेजारच्या ऊसवाल्याने तारा ठोकून बंद केली होती. दुसरी वाट ओढ्यातून, आणि पावसाळ्यात ओढ्याला कमरेएवढं पाणी. मला बोलावणाऱ्या बाईचा नवरा अंथरुणाला खिळलेला. डॉक्टरांनी आशा सोडलेली. "त्यानं एकच मागितलंय ताई," ती म्हणाली, "मला चिखलातून नेऊ नका म्हनायलाय." पावसाच्या आत वाट मोकळी करून घ्यायची होती.

सरावात पोलीस झाल्यावर तिने शेजारणीला अशी शिवी हासडली की ती खालूनच म्हणाली, "सासूवरचा राग माझ्यावर काढायलीस व्हय गं?" सगळ्या हसल्या. त्या दिवशी मला वाटलं, ह्या टिकतील.

ठरलेल्या दिवशी आम्ही तालुक्याच्या कचेरीच्या दारात बसलो. तारा काढायचा लेखी हुकूम, त्यावर तारीख. तोवर उठायचं नाही. पोलीस आलेच नाहीत. दुपारी तहसीलदार साहेब स्वतः बाहेर आले, सगळ्यांना आत नेलं, पंख्याखाली खुर्च्या मांडायला लावल्या. चहा मागवला. तो कपबशीत आला.

गावातल्या हॉटेलात ह्यांना चहा मिळतो तो बाहेर उभं राहून, कागदी कपात. कपबश्या आतल्या गिऱ्हाइकांना. साहेबांनी पहिला कप उचलून मला बोलावणाऱ्या बाईच्या हातात दिला. "घ्या अक्का, उन्हातून आलात."

कचेरीत काही खायचं-प्यायचं नाही, हे मी शिबिरात बजावलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. "घेऊ का ताई?"

मी जन्मभर कपबशीतच चहा प्यायले आहे, आणि त्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलेलं नाही. तिला नको कोणत्या तोंडाने म्हणणार? सगळ्यांनी चहा घेतला, अगदी सावकाश. एकीने बशी पदराने पुसून परत ठेवली.

साहेबांनी अर्ज वाचला. पाहणी करायला लावतो म्हणाले.

"तारीख लिहून द्या," मी म्हटलं.

तिने माझा हात दाबला. "ऱ्हाऊ द्या ताई. मानूस चांगलाय."

बाहेर बायका सतरंजी गुंडाळू लागल्या. हुकूम मिळालेला नाही, परत बसू या, असं मी सांगून पाहिलं. शेजारीण म्हणाली, "ज्याचा चहा पिलाव त्याच्याच दारात कामून बसावं? आपल्याला काई लाज हाय का न्हाई?" शिव्यांची तयारी केली होती, मानाची नव्हती.

पाहणी झाली नाही. मी फोन करत राहिले. साहेब कधी मीटिंगमध्ये, कधी दौऱ्यावर. पुढे त्यांची बदली झाली.

भर पावसात तिचा नवरा गेला. मी पोचले तेव्हा तिरडी ओढ्यात होती. चौघांनी ती डोक्यावर धरली होती, तरी मधल्या गाळात एकाचा पाय घसरला आणि ती एका अंगाला कलंडली. सावरली, पण कापड चिखलाने माखलं. पलीकडे तारांच्या आत ऊस उभा होता.

ती काठावर होती. मी जवळ गेले. सवयीने म्हटलं, "परत अर्ज करू. परत बसू."

"आता कशासाठी बसू ताई?" ती म्हणाली. "त्यो गेला की चिखलातून."