वीतभर वर थांबलेला खांब

भागवतजी कुठल्याही नव्या इमारतीत शिरले की आधी जिन्यावर बसायचे. पाहुणे म्हणून गेले तरी. घरमालक "अहो, आत तर या" म्हणत ताटकळत उभा, आणि हे पायरीवर हात फिरवत सांगणार, "दोन म्हाताऱ्या शेजारीशेजारी बसून कुचाळक्या करू शकल्या, तर जिना जमला. नुसतं चढायला काय, शिडीही चालते."

झाशीतल्या जुन्या मराठी घरातला हा माणूस मुंबईला जाऊन आर्किटेक्ट होऊन आला. सगळे काचेचे चौकोन बांधत होते, तेव्हा यांनी सीपरी बाजारातल्या एका दवाखान्याच्या माथ्यावर बुंदेली घुमटाची छत्री बसवली. समथरच्या एका व्यापाऱ्याच्या दाराला अर्धीच कमान दिली, रंग पेढ्यासारखा. उरलेली अर्धी कुठंय विचारलं, तर म्हणे, "समोरच्यानं बांधावी. शेजार कशाला असतो?" कुणीतरी मासिकात त्यांना उत्तराधुनिक म्हटलं, तेव्हा म्हणाले, "आमच्याकडं याला मस्करी म्हणतात."

मी त्यांच्याकडे नऊ वर्षं होते. बाबा इथल्या कारखान्यात इंजिनिअर, मी नुकती कॉलेजातून बाहेर पडलेली, आणि येत काहीच नव्हतं. पेन्सिल कशी धरायची इथपासून त्यांनी शिकवलं. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं किती वाईट ते कळेल.

इथल्या मराठी मंडळाचा हॉल त्यांनी बांधला. ओसरीला चार खांब. तिघांनी छत पेललेलं. चौथा छतातून खाली उतरलेला आणि जमिनीपासून वीतभर वरच थांबलेला. नकाशात तो मीच काढला होता. 'खाली वीतभर मोकळं' हे अक्षरही माझंच. ठेकेदार चक्रावला. "भागवतजी, ये खंभा तो कुछ करता ही नहीं."

"ठलुआ है, भैया," ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, "तीन जण राबतात तिथं एक रिकामटेकडा हवाच. नाहीतर ते घर कसलं?"

गाव हसलं. भागवतकाकू मात्र हसणाऱ्याला जागच्या जागी सुनावायच्या, "मुद्दाम केलाय तो. बघायला अक्कल लागते." त्यावरून त्यांनी दोन नातेवाइकांशी बोलणंही टाकलं होतं.

पुढे मी माझं ऑफिस काढलं. हॉलची डागडुजी निघाली आणि ते काम मला हवं होतं. मंडळाच्या सभेत नवे सचिव, फौजेतून निवृत्त झालेले, त्यांनी सरळ विचारलं, "मॅडम, तुम्ही होतात तेव्हा. हा खांब असाच ठेवायचा होता, की राहून गेला?"

भागवतजी मागच्या रांगेत बसले होते. मला दिसत होते. 'मुद्दाम' म्हटलं तर ही पण त्याच माळेचा मणी म्हणतील आणि काम हातचं जाईल, एवढंच डोक्यात आलं.

"राहून गेला," मी म्हणाले. "सरांचं तेव्हा साइटवर फारसं लक्ष नसायचं."

दुसरं वाक्य तर कुणी विचारलंही नव्हतं. जीभ झडायला हवी होती माझी.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. भागवतजींनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "बरोबर सांगतेय ती. राहूनच गेला. आता पुरा करून घ्या." बाहेर मला चपला सापडेनात, तेव्हा तेच म्हणाले, "जेवलीस का? घरी चल." मी गेले नाही. तोंड कुठं होतं जायला?

काम मिळालं. ती वीतभर जागा मी स्वतः उभी राहून भरून घेतली.

गेल्या थंडीत भागवतजी वारले. तेराव्याला काकूंनी मला आतल्या खोलीत बोलावलं.

"एक बोलू? गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. पण त्या सभेहून आले, तेव्हा मी विचारलं, तर म्हणाले, 'खरंच राहून गेला होता गं. मुद्दाम केला असं सांगून तुलाही फसवलं.' किती जणांशी वैर घेतलं मी त्या खांबापायी! तू तरी खरं बोललीस, बाई."

एक वाक्य बोलायचं होतं. काकूंना त्यांचा नवरा परत मिळाला असता. मी नुसती मान हलवली.

काकू अजून बाजारात भेटतात. परवा सोबतच्या बाईंना म्हणाल्या, "ही आमच्या ह्यांची शिष्या. फार खरी मुलगी." मी वाकून नमस्कार केला, आणि भाजी न घेताच घरी आले.