एकमेकांचं तोंड बघणारी कामं

कावेरी अंबाजोगाईच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचा सुमार. तिच्या वडिलांनी, शंकरप्पांनी, मांजरसुंब्याच्या फाट्यावर टायरचं दुकान बांधायला काढलं होतं. अप्पांना सगळी कामं एकदम लागायची. फरशी गाडीतून उतरायच्या आधीच फरशीवाला येऊन बसलेला. तो चहा प्यायचा आणि कुरकुरत परत जायचा.

शेवटी वैतागून कावेरीनं कामं कॉम्प्युटरवर घेतली. साधी मजकुराची फाइल. एका ओळीत एक काम आणि पुढं, ते कोणत्या कामानंतर करायचं, एवढंच. त्यावर तिनं छोटा प्रोग्रॅम लिहिला. ज्याच्या आधीचं सगळं उरकलंय, तेवढीच कामं तो दाखवायचा. महिनाभर बरं चाललं.

मग एका सकाळी पडदा कोराच.

क्लासमध्ये तिच्या मागं उभे असलेले अप्पा म्हणाले, "म्हंजी, काम संपलं?"

"संपलं कुठं? भिंती उघड्याच आहेत ना!"

"मग तुझं मशिन गप कावून हाय?"

प्रोग्रॅम बिघडला असं समजून तिनं दुपारपर्यंत डोकं फोडलं. चूक सापडेना. मग फाइलच एकेक ओळ करून वाचली. गिलावा पाण्यानंतर. बोअरचं पाणी मोटारीनंतर. मोटार मीटरनंतर. आणि मीटर गिलाव्यानंतर, कारण वायरमन उघड्या विटांवर मीटर बसवायला तयार नव्हता. प्रोग्रॅमचं काहीच चुकलं नव्हतं. याचाच तिला जास्त राग आला.

"अप्पा, ही चारी कामं एकमेकांचं तोंड बघत बसलीत. कुणी आधी उठायचं?"

"तेच तर मी म्हणतो. सगळी एकदम करा!"

कावेरीनं कपाळाला हात लावला. मग मीटरची ओळ पुन्हा वाचून विचारलं, "मीटरला भिंत केवढी लागते?"

"आसंल हातभर."

"मग हातभर भिंतीसाठी अख्ख्या दुकानाचा गिलावा कशाला अडवायचा?"

तिनं गिलाव्याच्या ओळीच्या दोन ओळी केल्या: मीटरपुरता गिलावा, आणि बाकीचा. मीटर आता फक्त पहिल्यानंतर. पहिल्याला शेजारच्या ढाब्यावरचं घागरभर पाणी पुरणार होतं. प्रोग्रॅम पुन्हा चालवला, तर पडद्यावर एक काम उमटलं. दुसऱ्या दिवशी आश्रुबा गवंड्यानं तेवढा तुकडा लिंपला. तो वाळल्यावर मीटर लागलं, मोटार चालली, पाणी आलं.

त्याच आठवड्यात तिनं प्रोग्रॅममध्ये भर घातली. कामं अशी गोल फिरली, तर गप न बसता त्यांची नावं सांगायची.

दिवाळीच्या तोंडावर दुकान उघडलं. अप्पा पाव्हण्यांना कौतुकानं सांगत होते, "काँप्युटरनंच वाट काढली, बगा!"

खरं काय ते सांगायला कावेरीनं तोंड उघडलं, तोच अप्पांनी तिच्या हातात पेढ्यांचा पुडा दिला आणि वाटायला पिटाळलं.