आदमी काम पर हैं
परवा मी काम करते त्या कारखान्याच्या भंगारात पत्र्याची लाल पाटी दिसली, ‘सावधान, आदमी काम पर हैं’, आणि मला सिल्वासातली आमची खोली आठवली. बाबा जवळच्याच सायली गावातल्या धाग्याच्या कंपनीत फिटर होते. तिथली मशिनं चालू असली की व्होल्टेज उतरून आमच्या टीव्हीचं चित्र आक्रसायचं, म्हणून व्हिडिओ गेमचं काम त्यांनी कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी काढलं. ताईच्या मैत्रिणीचं मेमरी कार्ड परत द्यायचं होतं आणि त्यात साठवलेले ताईचे नि माझे वर्षभराचे अर्धवट खेळ नव्या, मोठ्या कार्डात न्यायचे होते. मध्येच कुणी बटण बंद करू नये म्हणून बाबांनी स्विचबोर्डवर अशीच पाटी टांगली. आई मिक्सर घेऊन आली, पाटी वाचली आणि पाट्यावर चटणी वाटायला बसली. कॉपी झाली, ताईनं घाईनं जुनं कार्ड पुसून टाकलं. बाबांनी नवं कार्ड दुसऱ्या खाचेतून काढून पहिल्या खाचेत बसवलं, तर टीव्हीवर खेळांचे सगळे चौकोन रिकामे! ताई रडायलाच लागली. “गेलं ना बेटा सगळं,” बाबा पुटपुटले. मला मात्र कार्डावरचा दिवा दिसत होता. त्या मोठ्या कार्डात वेगवेगळी पानं होती, बटण दाबलं की पान बदलायचं आणि दिव्याचा रंगही. मघाशी तो हिरवा होता, आता लाल. “बाबा, बसवताना बाजूचं बटण दाबलं गेलं. नुसतं पान उलटलंय,” मी ओरडले आणि दिवा हिरवा होईपर्यंत ते बटण दाबत राहिले. एकेक चित्र उगवत सगळे चौकोन भरले! कंपनीचा नियम होता, पाटी टांगेल त्यानंच ती उतरवायची. बाबांनी मला स्टुलावर चढवलं. “उतरव,” ते म्हणाले, “काम तुझं होतं.” परवाची पाटी आता माझ्या मेंटेनन्सच्या केबिनच्या दारावर आहे, बाईच्या दारावर ‘आदमी’ वाचून हसणाऱ्यांना मी खुशाल हसू देते.