आठ फूट आठ इंच

गेल्या वर्षी मार्चच्या शेवटच्या रविवारी, सकाळी दहाच्या सुमारास, मिस्त्रींनी स्वतः भाड्यानं राहत असलेल्या खोलीत टेप टाकला आणि घरमालकाला रुंदी सांगितली. नऊ फूट तीन इंच. "होतंय," ते म्हणाले. तीन आठवड्यांनी त्यांनी ती खोली रिकामी केली. मे महिन्यात त्याच खोलीत प्लायवूडच्या तीन केबिन ठोकल्या, त्याही त्यांनीच.

हे लातूरचं. आमची गल्ली शिकवणीच्या वर्गांपासून पायी दहा मिनिटांवर आहे. बाहेरगावची मुलं जूनमध्ये येतात आणि जवळची खोली मागतात. एक कुटुंब एका घराचं जेवढं भाडं देतं, जवळपास तेवढं एक विद्यार्थी केबिनचं देतो. त्यामुळं एका खोलीत तीन केबिन निघतात असं कळलं की मालकाला कुटुंब नको होतं. त्या निघतात की नाही, हे सांगायला मिस्त्री यायचे.

त्यांचा हिशोब सोपा होता. सव्वासहा फुटांची कॉट, तिच्या पायाशी जाण्यायेण्यापुरता अडीच फुटांचा बोळ, मध्ये प्लाय. "नऊ फूट असलं तर होतंय. नसलं तर न्हाई." एवढंच बोलायचे. मग दाराच्या चौकटीशेजारी भिंतीवर पेन्सिलनं आकडा लिहायचे आणि टेपची पट्टी सोडून द्यायचे. ती सट्‌कन आत जायची. तो आवाज गल्लीतल्या बायकांना स्वयंपाकघरातूनही ओळखू यायचा.

तुमच्याही भागात असा माणूस असेल. काम त्याचं साधं असतं, पण तो ज्या दारात उभा राहतो त्या दारातलं सामान पुढच्या महिन्यात टेम्पोत चढतं. आमच्याकडं त्यांना मागून 'मापाडी' म्हणायचे. मार्केट यार्डात मापाडी धान्य तोलतो. हे माणसं मोजतात, असं समोरच्या घरातले निवृत्त तलाठी म्हणाले होते. ते नाव मिस्त्रींच्या कानावर गेलं होतं. त्यांनी तलाठ्यांच्या खिडकीचं बिजागर बसवताना विचारलं, "काका, तुम्हाला तोलू का मोजू?" तलाठ्यांनी चहा पाजला. संशय काही सोडला नाही.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते दुसऱ्याच एका घरी. मी नांदेडहून बदलून लातूरला आलो होतो, वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर. आम्ही बौद्ध. मी नऊ घरं पाहिली. सहा ठिकाणी आडनाव विचारलं आणि त्यानंतर खोली आधीच कुणाला तरी कबूल केलेली निघाली. सहाव्या घरी बाई म्हणाल्या, "आमच्यात देवघर हाय, तुमाला जमायचं न्हाई." शेजारच्या खोलीत एक माणूस रंधा मारत होता. रंधा थांबला. त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि परत काम सुरू केलं.

शेवटी मिळाली ती तळमजल्यावरची एक मोठी खोली आणि मागं स्वयंपाकघर. मालक देवणीकडचे शेतकरी. त्यांनी आडनाव विचारलं नाही, आगाऊ भाडं विचारलं. राहायला आलो त्या दिवशी कळलं की रंधा मारणारा माणूस वरच्या मजल्यावर राहतो. बायको आणि नववीतली मुलगी. मी घरी सांगितलं की हा माणूस त्या दिवशी तिथं होता, त्यानं सगळं ऐकलंय. माझी बायको म्हणाली, मग आता गल्लीत सांगत फिरेल. तो फिरला की नाही, हे आम्ही कधी तपासलं नाही. त्याच्या बायकोशी मात्र आम्ही पाण्याच्या टँकरपुरतंच बोललो.

मिस्त्री मला 'पेपरवाले' म्हणत. जिन्यात भेटले की विचारायचे, "काय पेपरवाले, आज कुणाची खोली गेली?" मला ते कुत्सित वाटायचं. खोल्या कुणामुळं जातात, हे त्यांना ठाऊक होतं.

एका पावसाळ्यात ते आमच्या दाराशी आले. चौकटीला वाळवी लागली असेल, बघतो, म्हणाले. चौकट त्यांनी बोटानं दोनदा वाजवली. नजर मात्र आत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाऊन आली. बायकोनं विचारलं, वाळवी तिकडं आहे का? ते हसले आणि निघून गेले. त्यानंतर तिनं कपाट मधोमध सरकवलं, म्हणजे खोली लहान दिसेल. गल्लीत हा उपाय सगळेच करत होते. मिस्त्री येताना दिसले की कुणी खाट आडवी टाकायचं, कुणी जमिनीवर ज्वारी पसरायचं. नर्सबाईंनी तर सासऱ्यांना दारातच अंथरूण घालून दिलं होतं. टेप या सगळ्यावरून जातो, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मी एकदा गल्लीतली घरं मोजली. वर्षभरात मिस्त्री टेप घेऊन पाच घरांत गेले होते. चार रिकामी झाली. प्रत्येक वेळी आधी ते मालकाबरोबर चौकातल्या हॉटेलात चहा पिताना दिसले होते. नोटीस निघण्याआधी त्यांना कळतं आणि केबिनचं कामही त्यांनाच मिळतं, एवढं मला पुरेसं वाटलं. पाचवं घर नर्सबाईंचं. ते का राहिलं, हे मी तेव्हा विचारलं नाही.

मार्चमधल्या त्या रविवारी मालक आले. अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. वरची एक आणि खालची एक अशा दोन खोल्या बघायच्या आहेत, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. सांगताना ते माझ्याकडं न बघता मोबाइलकडं बघत होते. आमचा करार अकरा महिन्यांचा, आणि तो एप्रिलअखेर संपत होता.

मिस्त्री आत आले. माझी आई भिंतीला टेकवलेल्या खाटेवर पडली होती. तिचे गुडघे गेलेले आहेत. तळमजल्याशिवाय तिला घर चालत नाही. तिनं उठायला नकार दिला.

"झोपून राहीन. बघू कसं मोजता."

"झोप की माय," मिस्त्री म्हणाले. "मापच घिऊलालो, तुजी खाट न्हाई. हे टोक तेवढं भिताडाला दाबून धर."

आईनं टोक धरलं. का धरलं, ते तिला नंतर सांगता आलं नाही. ती शाळेत गेलेली नाही, आकडे तिला वाचता येत नाहीत. बायको स्वयंपाकघराच्या दारात होती, मी उंबऱ्यात. मिस्त्री पलीकडच्या भिंतीशी वाकले. पट्टीवरचा आकडा त्यांच्या पाठीआड होता.

"आठ-आठ," ते बाहेर ऐकू जाईल असं म्हणाले. "न्हाई होत."

मग चौकटीशेजारी लिहिलं: ८-८. नाही.

मालक खुर्चीतून उठले नाहीत. तिथूनच विचारलं, "मग वरची?"

"वर मीच राहतो मालक."

"ते मला म्हाईत हाय. माप सांग."

मिस्त्री जिना चढले. मधल्या वळणावर एकदा थांबले. वर त्यांच्या बायकोचा आवाज आला, शब्द कळले नाहीत. मग टेपची पट्टी सट्‌कन आत गेली. त्यांनी कठड्यावरून खाली वाकून नऊ-तीन सांगितलं.

गल्लीत त्याच दिवशी चर्चा झाली. मापाड्यानं स्वतःचंच घर मापलं म्हणजे त्यात काहीतरी असणार. मालकानं त्याला दुसरीकडं जागा दिली असेल, असं तलाठी म्हणाले. माझी बायको म्हणाली, आपली खोली त्यानं पुढच्या वर्षासाठी ठेवली आहे. मलाही तसंच काहीसं वाटलं. आईनं एवढंच विचारलं की त्या पोरीची शाळा कोणती.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात टेम्पो आला. सामान फार नव्हतं. एक गोदरेजचं कपाट, शिलाई मशीन, गाद्या, आणि मिस्त्रींनी स्वतः केलेलं मुलीचं अभ्यासाचं टेबल. ते टेबल टेम्पोत बसेना. त्यांनी चारही पाय उघडून ते वर बांधलं. आम्ही खिडकीत होतो. खाली कुणी उतरलं नाही. त्यांची बायको आणि मुलगी बिलोलीकडं, बायकोच्या माहेरी गेल्या. मिस्त्री काम संपेपर्यंत त्यांच्या सुतारकामाच्या कारखान्यातच झोपत होते, असं चौकातल्या हॉटेलवाल्यानं सांगितलं. मालकानं जागा दिली होती का, हेही मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "कसली जागा? फळ्यांवर झोपायचा की."

मे महिन्याच्या अखेरीस केबिन तयार झाल्या. शेवटच्या दिवशी मिस्त्री जिन्यावरून उतरताना आमच्या दाराशी थांबले. आईला म्हणाले, "माय, कपाट भिताडाला लावून घे. आता कोण बघायला येतंय." आई हो म्हणाली. त्यानंतर ते गल्लीत दिसले नाहीत. नांदेडला काम धरलं असं कुणी म्हणालं. नंबर बंद आहे. खात्री झालेली नाही.

यंदा एप्रिलमध्ये मालक कराराचा नवा कागद घेऊन आले. भाडं वाढवलं, पण खोली ठेवली. सही झाल्यावर मी विचारलं की गेल्या वर्षी आमच्या खोलीचा विचार का सोडला.

"मिस्त्री म्हणला आठ-आठ. काय करता?" मालक म्हणाले. "वरची तरी बसली. दोन्ही न्हाई म्हणला असता तर मी औशाचा मिस्त्री आणणार हुतो. सांगितलं बी हुतं त्याला, चहा पिताना."

"कधी?"

"आदल्या दिवशी."

ते गेल्यावर मी चौकातल्या हार्डवेअरच्या दुकानातून टेप आणला. कपाट भिंतीला लावलेलंच होतं. पेन्सिलचा आकडा चौकटीशेजारी अजून आहे. आईनं खाटेवरूनच एक टोक भिंतीला दाबून धरलं, मागच्या वेळी धरलं होतं तिथंच. मी पलीकडच्या भिंतीशी वाकलो.

नऊ फूट दोन इंच. आईला टोक नीट धरायला सांगून मी पुन्हा मोजलं. नऊ फूट दोन इंच.