जांभळाचा खड्डा

आमच्या ग्रामपंचायतीने रक्षा नदीत सोडणं बंद केलं आहे. आता स्मशानाच्या माळावर खड्डा खणतात, त्यात रक्षा ठेवतात आणि वर झाड लावतात. खणायला गावातली माणसं आपणहून येतात. आज ती माझ्या पत्नीसाठी आली होती.

मी रक्षेचं मडकं पोटाशी धरून उभा होतो. वीतभर मातीखाली कातळ लागला आणि पहारींचा मारा सुरू झाला. ठिणग्या उडत होत्या. एक कपची एकाच्या पोटरीत घुसली. त्याने रक्तावर मूठभर माती दाबली. शेजारचा त्याला म्हणाला, "घाव घाल की लेका, गोंजारतोस काय?"

ती गेल्यापासून सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात, दारंसुद्धा हळू लावतात. इथे मात्र जणू सूड उगवणं चाललं होतं आणि प्रत्येक घाव माझ्या बरगड्यांत उतरत होता.

"पुरे आता," मी म्हणालो. "एवढा खड्डा चालेल."

पदर खोचून दगड उपसणाऱ्या सरपंचबाई थांबल्या नाहीत. "गुरुजी, वरवर खणलं तर उन्हाळ्यात झाड जळतंय. मग काकूंची राख पुन्हा कुठनं आणायची?"

हळू आवाजांना तिच्यासाठी काहीच करता आलं नव्हतं; हे घाव निदान तिचं झाड जगवणार होते. मी मडकं जांभळाच्या रोपाशेजारी ठेवलं आणि जखमी माणसाच्या हातून पहार घेतली. पहिला घाव उथळच बसला.

"गोंजारू नका, गुरुजी," तो म्हणाला.

दुसऱ्या घावाला ठिणगी उडाली.