डाव्या बाजूचा पक्षी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीलाही नाही — आणि बहिणीला तर मी नको ते सगळं सांगत असते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या घरी कधी येणार नाही आणि खाली पार्किंगमध्ये उभी असलेली ती मोटारसायकल पाहणार नाही. पाहिली असती तर म्हणाला असतात, वा, काय सुंदर ठेवलीय. सगळेच म्हणतात.

मोटारसायकल माझ्या सासऱ्यांची, अण्णांची. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीची. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत, खांबामागे, ताडपत्रीखाली ती वर्षानुवर्षं पडून होती. अण्णा चालवत नव्हते आणि विकूही देत नव्हते. मग माझा नवरा, महेश, फोनवर जुन्या गाड्या नव्या करण्याचे व्हिडिओ बघायला लागला आणि त्याच्या डोक्यात आलं — अण्णांच्या पंच्याहत्तरीला गाडी नवीकोरी करून समोर उभी करायची. इंजिन, सीट, रंग हे सगळं घाटकोपरच्या गॅरेजवाल्या सावंतांकडे. पेट्रोलच्या टाकीवरचं चिन्ह तेवढं माझ्याकडे. घरात चित्रकलेची शिक्षिका असताना स्टिकर कशाला चिकटवायचा?

चिन्ह म्हणजे पंख पसरलेला पक्षी. टाकीच्या दोन्ही अंगांना एकेक. कंपनीचे मूळ पक्षी कधीच उडून गेले होते. त्यांच्या जागी घरीच ब्रशने रंगवलेले होते, ते अण्णांनी काढलेत असं महेश लहानपणापासून समजत होता. माझ्या सासूबाई, कुमुदताई, मी घरात यायच्या आधीच गेल्या. त्यांना मी फक्त फोटोत पाहिलंय.

आता इथे मी अडखळते. कारण एक सोयीची गोष्ट माझ्याकडे तयार आहे. ती अशी — मी उजव्या पक्ष्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून छाप घेतला. डाव्यासाठी तोच कागद उलटा करायचा की झालं, सगळे तसंच करतात. डावीकडे बघायचं घाईत राहून गेलं.

राहून गेलं नाही. मी पाहिलं होतं.

गॅरेजात टाकी सुटी करून बाकावर ठेवली होती, भर दुपारच्या उजेडात. मी ती फिरवली, डावा पक्षी पाहिला आणि मला हसू आलं. गुबगुबीत अंग, आखूड मान, एक पंख दुसऱ्याहून छोटा. उडणारा पक्षी कसला, अंड्यांवर बसलेली कोंबडी. सावंत म्हणाले, "मॅडम, ह्याचा पण छाप घेताय ना?" आणि मी म्हटलं, "नको ओ, हा फसलाय. घासून टाका. मी नीट काढते."

फसलाय. दोन सेकंदांत ठरवलं मी. कुणी काढला, का असा काढला, घरी एकदा विचारावं — काही नाही. शाळेत मुलांना रोज सांगते, आधी बघा, मग काढा. आणि स्वतः काय बघितलं? फक्त चूक.

सावंतांनी टाकी घासली, नवा हिरवा रंग मारला. मी पुन्हा गेले आणि दोन्ही बाजूंना दोन देखणे पक्षी काढले, आरशात पाहिल्यासारखे. फोटो काढून महेशला पाठवले. तो म्हणाला, झकास.

त्याच रात्री जेवताना अण्णांनी विषय काढला. त्यांना आम्ही एवढंच सांगितलं होतं की गाडीचं इंजिन खोलायला दिलंय. पण म्हातारा माणूस खुळा थोडाच असतो. ते भात कालवता कालवता म्हणाले, "रंगाला दिली असलीत ना, तर डाव्या बाजूला हात लावू नका. तो कुमुदने काढलाय. उजवा मी, डावा तिने. माझ्यापेक्षा वाईट काढला, पण काढला." आणि हसले. त्यांना असं हसताना मी फार क्वचित पाहिलंय.

महेशने माझ्याकडे पाहिलं. तेव्हा बोलायचं होतं. अण्णा, चूक झाली, पुसला गेला — एवढंच. रडले असते, रागावले असते, चार दिवस बोलले नसते. मी म्हटलं, "नाही अण्णा, डावीकडे हातच लावला नाही. तेवढी जागा झाकून भोवतीनं रंग मारलाय." इतक्या सहज म्हटलं की माझं मलाच खरं वाटलं. मग महेशला खोलीत सांगितलं, तुला पाठवलेला फोटो दोन्ही वेळा उजव्या बाजूचाच होता, एक उलटा करून. त्यालाही पटलं. त्याला का नाही पटणार? मी कधी खोटं बोलत नाही, असा माझा लौकिक आहे.

आधी खोटं बोलले आणि मग त्याला शोभेल असं चित्र काढायला गेले. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तडक गॅरेज गाठलं. स्वतः काढलेला डावा पक्षी पॉलिश पेपरने घासून काढला. सावंत म्हणाले, "चांगला होता की ओ." घरातले सगळे अल्बम आदल्या रात्रीच उलथेपालथे करून झाले होते. गाडीचा एकच फोटो होता आणि त्यात उजवी बाजू. मग आठवून काढायला बसले. गुबगुबीत अंग, आखूड मान, छोटा पंख. उजव्या हाताने रेघ फार सफाईदार येत होती म्हणून ब्रश डाव्या हातात घेतला. सुकल्यावर बारीक पेपर फिरवून रंग थोडा मळवला, जुना दिसावा म्हणून. एका मेलेल्या बाईचा हात मी खोटा वठवत होते, आणि खरं सांगू? जमतंय म्हणून मनातून खूशही होत होते.

वाढदिवसाला अण्णांना खाली नेलं. ताडपत्री ओढली. ते सरळ डावीकडे गेले. तेव्हा त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, सगळं धुरकट. त्यांनी टाकीवर हात ठेवला, बोटं पक्ष्यावरून फिरवली — हाताने रंगवलेली रेघ बोटाला लागते — आणि बराच वेळ हात तिथेच होता. मग माझ्या डोक्यावर ठेवला. "तू राखलंस गं," एवढंच म्हणाले. लोक टाळ्या वाजवत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी मी हसत उभी राहिले.

इथे संपलं असतं तर एक वेळ मी गप्प बसले असते. म्हातारा माणूस समाधानी आहे, झाकली मूठ सवा लाखाची. रोज सकाळी ते खाली जायचे, मऊ फडक्याने टाकी पुसायचे, जरा गाडीजवळ बसायचे. चेहरा उजळून वर यायचे. मी स्वतःला सांगायचे, बघ, बरंच झालं ना?

मग त्यांच्या डोळ्यांची ऑपरेशनं झाली. आधी एक, मग दुसरं. पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा खाली गेले ते लगेच वर आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"सुजाता, त्याला डोळा आहे."

मला काही कळेना. ते म्हणाले, कुमुदने डोळा काढलाच नव्हता. ते तिच्या मागे लागले होते, अगं, पक्ष्याला डोळा तरी काढ. ती ब्रश धुऊन मोकळी झाली आणि म्हणाली, "तुमच्याला दिसतंय ना, मग बस. माझा त्याच्या पाठोपाठ येईल." ती मागच्या सीटवर बसायची आणि वळण आलं की डोळे मिटून घ्यायची, म्हणून तसं म्हणाली. हे त्यांनी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. महेशलाही नाही.

मी डोळा काढला होता. चांगला ठसठशीत. पक्षी कितीही वाकडा काढला तरी डोळा असणारच, नाही का? मूळ पक्षी आठवताना तो होता की नव्हता, हे मी एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं.

ती शेवटची संधी होती. अण्णा माझ्याकडे बघत होते, नव्या स्वच्छ डोळ्यांनी. माझे हात कणकेत होते. मी म्हटलं, "आधीपासूनच होता, अण्णा."

त्यांनी मान हलवली. हळूहळू, दोनतीनदा. म्हणाले, "मग ती तसं बोलली नसेल. मलाच वाटत असेल." आणि भिंतीला धरून आपल्या खोलीत गेले.

तेव्हापासून अण्णा स्वतःवर विश्वास ठेवत नाहीत. महेशने डॉक्टरांकडे नेलं, तिथे सगळी उत्तरं बरोबर दिली. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम. पण त्यांना पटत नाही. गोळी घेतली का, दाराला कडी लावली का, सारखं विचारतात. गाडी पुसायला जात नाहीत, आता फडकं मी मारते. महेश म्हणतो, अण्णा थकले. मी म्हणते, हो, थकले. सांगावं असं रोज वाटतं, आणि सांगितलं तर त्यांच्याकडे कुमुदताईंच्या हातचं काय उरेल, या विचाराने गप्प बसते — हेही मी स्वतःला दिलेलं कारणच. खरं कारण ते माझ्याकडे कसं बघतील, हे आहे.

कुमुदताईंच्या गोष्टी ते अजून सांगतात, पण मध्येच थांबतात. परवा चहा घेताना सांगत होते, लग्नानंतर दोघं गाडीवरून वांद्र्याला समुद्रावर गेली होती, तिने निळी साडी नेसली होती. निळी म्हणाले. कप खाली ठेवला. मग माझ्याकडे पाहून हळूच विचारलं, "निळीच होती ना गं?"

मी त्या बाईला कधी पाहिलेलं नाही. मी म्हटलं, हो अण्णा, निळीच.